दारातले सरूचे झाड

जेल रोडच्या आमच्या घराचे फाटक उघडले की पाहुण्याची नजर पहिल्यांदा कोठे जाते, हे मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ती जाते अंगणातल्या त्या एका झाडाकडे. घराची पायरी, ओसरीतली आरामखुर्ची, भिंतीवरचे पवित्र मरियेचे चित्र, हे सारे त्याला मागाहून दिसते. धर्मग्रामातले नवे फादर प्रथमच घर आशीर्वादित करण्यास आले, तेव्हा हातातले पवित्र पाण्याचे भांडे तसेच धरून ते दोन मिनिटे झाडापाशी थबकले होते. "हे इकडचे नव्हे," एवढेच ते म्हणाले. खरेच आहे. ते इकडचे नव्हे.

झाड सरूचे आहे. परंतु आपण रोज ज्याला सुरू म्हणतो ते नव्हे. या दोन नावांचा घोटाळा आधी निस्तरायला हवा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याच्या रांगा असतात आणि ज्याची फांदी तोडून आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी नाताळचे झाड सजवले, तो सुरू म्हणजे कॅज्युरिना. ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांकडचे हे झाड. ज्या त्याच्या सुया वाटतात त्या वस्तुतः सांधे असलेल्या हिरव्या काड्या आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो सूचिपर्णी वृक्षच नाही. त्याला फुले येतात. दिसण्यातल्या साम्यामुळे फारसीतल्या 'सर्व' या शब्दावरून आलेले नाव त्याच्या अंगाला चिकटले, एवढेच. खरा सरू तो सायप्रस. आमच्या दारातला सरू ज्या जातीचा, तिला शास्त्रज्ञांनी काश्मीरचे नाव दिले आहे. गंमत अशी की काश्मीरच्या रानात ती आढळत नाही. तिचे माहेर भूतान आणि अरुणाचल प्रदेश. भूतानमध्ये मठांच्या आवारात हे वृक्ष लावलेले असतात आणि तिथे 'त्सेन्देन' म्हणून सरूला राष्ट्रीय वृक्षाचा मान आहे.

या जातीचे वैशिष्ट्य तिच्या झुकण्यात आहे. खोड सरळ वर जाते, मोठ्या फांद्याही प्रथम वर व बाहेर जातात. पण त्यांच्या टोकांवरच्या निळसर हिरव्या बारीक डहाळ्या मात्र ओल्या केसांच्या बटांसारख्या सरळ खाली लोंबतात. वारा नसला तर झाड एखाद्या पडद्यासारखे स्तब्ध असते, आणि थोडी झुळूक आली की सारे एकदम एका बाजूला सरकते. पहिली चार-पाच वर्षे पाने मऊ सुईसारखी असतात, पुढे ती खवल्यांसारखी बारीक होऊन काडीला चिकटून बसतात. मायदेशी हे झाड शंभर-दीडशे फूट उंच होते. आमचे पंधरा-सोळा फुटांवर थांबल्यासारखे आहे. त्याला मी दोष देत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर. याला हवी त्याच्या दुप्पट-तिप्पट उंची, धुके आणि ओलावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की पश्चिमेकडच्या बटांची टोके तांबूस होतात, आणि जुलैत पुन्हा नवी पालवी त्यांना झाकून टाकते. दरवर्षी मला वाटते, यंदा हे जगत नाही.

हे झाड आणले माझ्या मेहुण्याने. तो तोफखान्यात होता. देवळालीला शिक्षण झाले, पुढे कालिम्पोंगकडे नेमणूक झाली. कालिम्पोंग रोपवाटिकांचे गाव. १९९८ च्या मे महिन्यात तो रजेवर आला, तेव्हा दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासात मांडीवर सांभाळलेली एक कुंडी त्याने आपल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या हाती दिली. रोप वीतभर उंच, मऊ आणि जरा वाकलेले. दरवर्षी नाताळला सुरूची फांदी तोडून आणण्यावरून तिचे माझे थोडे वाजत असे. चार दिवसांच्या शोभेसाठी झाडाचा हात कशाला तोडायचा, असे तिचे म्हणणे. आता आपल्या घरचे, मुळांवर उभे असलेले नाताळचे झाड होणार, म्हणून तिला झालेला आनंद मला अजून दिसतो.

शेजारणीला मात्र ते रुचले नाही. "असं रडकं झाड दारात नको हो लावू. माना खाली घालून उभं राहतं," ती म्हणाली. पत्नीने तिला चहा दिला आणि सांगितले, "रडत नाहीय ते. प्रार्थनेला बसलंय." पुढे कितीतरी वर्षे त्या दोघींच्या गप्पांत हे झाड 'प्रार्थनेवालं' होते.

झुकत्या झाडांना रडके ठरवण्याची रीत जगभरची दिसते. पवित्र शास्त्रात बाबेलच्या बंदिवानांनी नदीकाठच्या ज्या वाळुंजांवर आपल्या वीणा टांगल्या, त्या १३७ व्या स्तोत्रामुळे लिनियसने झुकत्या विलोला 'बॅबिलोनिका' हे नाव देऊन टाकले. वास्तविक ते झाड चीनमधले. फरात नदीच्या काठी त्या काळी असावेत ते पॉप्लरच्या जातीचे वृक्ष, असे जाणकार मानतात. दुःख कोणाचे आणि नाव कोणाला! आपल्याकडचा वाळुंज तर ओढ्याकाठी ताठ उभा असतो.

झाड कोठे लावायचे यावरून आमचे पहिले मतभेद झाले. मी टेप घेऊन फाटक ते पायरी हे अंतर मोजले, दोन्ही कुंपणांपासूनची अंतरे घेतली आणि बरोबर मध्यावर खुंटी ठोकली. पत्नीने ती खुंटी उपटली. मध्यावर लावले तर येणाजाणारा झाडाला वळसा घालील आणि त्याच्याकडे पाहणार नाही. ते डावीकडे, कोऱ्या भिंतीसमोर हवे, म्हणजे फाटकातून तिरपे दिसेल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसेल, असा तिचा हिशेब. शिवाय भोवती दुसरे काही नको. गुलाब, जास्वंद, क्रोटन, सगळी मंडळी उजवीकडच्या कुंपणाला गेली. झाडाखाली फक्त हिरवळ राहिली. "वेदीवर दहा वस्तू मांडल्या तर लोक कशाकडे बघतील?" असे तिने मला विचारले होते. बागकामाचे पुस्तक तिने कधी वाचले नव्हते. मी मात्र वाचत होतो, आणि अनेक वर्षांनी मला एका पुस्तकात हेच सापडले: लक्षवेधी झाड एकच असावे, त्याच्या मागे साधी पार्श्वभूमी असावी, आणि ते मध्यापासून थोडे ढळलेले असावे.

जमिनीची अडचण निराळी होती. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. सरूच्या मुळांना दोन्ही घातक. म्हणून मुरूम, वाळू आणि शेणखत मिसळून हातभर उंचीचा ओटा केला आणि त्यावर रोप लावले. शेजारी तोंडापर्यंत एक मडके पुरले, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातली. बुंध्याभोवती उसाचे पाचट पसरले. पहिले तीन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा केला. कूपनलिकेचे जड पाणी त्याला सोसवेना, तेव्हा नळाचे, दारणेचे पाणी बादलीने घालण्याचे काम मुलाकडे आले. तो त्या वेळी अकरावीत होता.

आता तारेविषयी सांगावयास हवे.

मी नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये नोकरी केली. १९२५ साली स्थापन झालेला हा कारखाना. त्याआधी हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटे लंडनहून छापून येत. माझे वडील संगमनेरकडच्या खेड्यातून येथे आले ते प्रेसच्या नोकरीसाठीच, आणि आमच्या धर्मग्रामातल्या कितीतरी कुटुंबांची कथा हीच आहे. माझे काम तपासणीचे. छापलेला ताव डोळ्यांखालून घालायचा, रंग सरकला आहे का, छिद्रांची रांग तिरपी गेली आहे का, हे पाहायचे आणि सदोष ताव बाजूला काढायचा. तीस-पस्तीस वर्षे हे केले की माणसाच्या डोळ्याला एक सवय लागते. त्याला जगात प्रथम वाकडे दिसते.

रोप कमरेएवढे झाले आणि त्याचा शेंडा एका बाजूला कलला. कोवळ्या वयात या जातीचा शेंडा कलतोच, त्याला आधार द्यावा लागतो, हे योग्यच. १९९९ च्या पावसाळ्यात मी अर्ध्या इंची लोखंडी पाइप रोपाशेजारी ठोकला, ओळंबा लावून तो सरळ केला, आणि बांधकामाची काळी तार घेऊन रोप तीन ठिकाणी पक्के आवळले. झाड काट्यासारखे सरळ उभे राहिले. पत्नी म्हणाली, "अहो, तार नको. सुतळी घ्या." मी म्हणालो, "सुतळी कुजते." ती पुढे काही बोलली नाही. खरे म्हणजे सुतळी कुजते हाच तिचा मोठा गुण आहे. झाड स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत ती टिकते, आणि मग आपली आपण निघून जाते. तार सैल करावी लागते, दर चार-सहा महिन्यांनी, आठवणीने. हे मला माहीत होते. पहिली दोन वर्षे मी ती केलीही.

मुलाला मी अभियांत्रिकीला घातले. त्याला नको होते. त्याचा ओढा मातीकडे होता. सुट्टीत तो पिंपळगाव बसवंतकडे एका मित्राच्या मळ्यावर जाऊन राही आणि हाताला चिकाचे डाग घेऊन परत येई. माझ्या वडिलांनी शेतमजुरी सोडून शहर गाठले होते. तिसऱ्या पिढीने पुन्हा मातीत हात घालावा, हे मला खाली उतरणे वाटले. २००२ साली दुसऱ्या वर्षातून त्याने शिक्षण सोडले आणि द्राक्षाच्या रोपवाटिकेत कलमे करण्याचे काम धरले. ती बातमी त्याने रात्री जेवताना सांगितली. मी हात धुतले आणि त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "आमच्याकडे असा ताव बाजूला काढतात."

तो ताटावरून उठला नाही, हे विशेष. त्याने आईसाठी जेवण पुरे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन तो गेला.

त्यानंतरची तीन वर्षे तो येत असे, परंतु मी कामावर असताना. नाताळच्या रात्री मिस्साला आम्ही एकाच बाकावर बसत असू, आईला मध्ये घेऊन. शांतीची भेट देण्याच्या वेळी मी त्याला हात जोडी, तो मला हात जोडी. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत घर पाहुण्यांनी भरे, तेव्हा तो सर्वांसाठी चहा करी आणि माझा कप कोणाच्या तरी हाती पाठवी. झाडाला पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे होते ते आता पत्नीकडे गेले. मी अंगणात पाऊल टाकत नव्हतो. झाडाच्या तारा मला ओसरीतून दिसत.

२००४ मध्ये मी निवृत्त झालो, आणि त्याच सुमारास पत्नीच्या मूत्रपिंडांचे दुखणे निघाले. दीड वर्ष दवाखान्यांच्या फेऱ्यांत गेले. ती अंथरुणाला खिळल्यावर तिचा पलंग स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, खिडकीपाशी सरकवला. तेथून झाड दिसे. २००५ च्या उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली, "शेंडा वाळतोय हो." मी म्हणालो, "ऊन आहे." ती नोव्हेंबरात गेली. सर्व मृतांच्या स्मृतिदिनाला आठवडा उलटला होता. कबरस्तानातल्या सगळ्या कबरींवरची फुले अजून वाळायची होती.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी, मंडळी पांगल्यावर, मुलगा अंगणात गेला. मी ओसरीत होतो. त्याने खिशातून पक्कड काढली. द्राक्षाच्या कामाची माणसे पक्कड आणि कात्री बरोबरच बाळगतात. तारा सालीत रुतल्या होत्या. सर्वांत वरची तर दिसतच नव्हती. तिच्यावर साल वाढून दोन ओठ मिटल्यासारखी मिटली होती. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे उतरते. तो थर चहूबाजूंनी आवळला की तारेच्या वर खोड फुगते आणि पुढे त्याच्या वरचा भाग हळूहळू मरतो. फार जोरात आवळावे लागत नाही. झाड वाढते आणि तार वाढत नाही, इतके पुरते.

त्याने खालच्या दोन तारा तोडून, सालीला अलगद सोडवत काढल्या. वरचीचा एक तुकडा आतच राहिला. तो काढला असता तर खोड चिरले असते. मग तो स्टुलावर चढला आणि वाळलेला शेंडा कापला, परंतु कोठेही नव्हे. सरूच्या जातीला एक मर्यादा आहे: उघड्या, पाने नसलेल्या जुन्या लाकडातून त्याला पुन्हा फूट येत नाही. द्राक्षवेल एप्रिलच्या खरड छाटणीत जवळजवळ नागवी केली तरी फुटते, सरू फुटत नाही. म्हणून काप एखाद्या जिवंत, हिरव्या बाजूच्या फांदीच्या लगेच वर घ्यावा लागतो. त्याने अशी एक अंगठ्याएवढी जाड फांदी निवडली, बांबूची काठी उभी केली आणि ती आडवी फांदी हळूहळू वर वळवून काठीला बांधली. बांधायला त्याने घरात जाऊन आईचे एक जुने सुती पातळ आणले आणि त्याच्या चिंध्या फाडल्या. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होती, एक वेढा काठीला, एक फांदीला आणि मध्ये पीळ, म्हणजे दोघांचे अंग एकमेकांवर घासत नाही. एका दिवसात त्याने ती फांदी सरळ केली नाही. पहिल्या दिवशी थोडी उचलली.

"महिन्याने पुन्हा बांधावी लागेल," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हते, पण अंगणात आम्ही दोघेच होतो.

अशा रीतीने तो दर महिन्याला येऊ लागला. मोटारसायकल फाटकात लावी, गाठ सोडी, फांदी बोटभर आणखी वर घेई, नव्याने बांधी. प्रारंभी दहा मिनिटांचे काम दहा मिनिटांत होई. पुढे चहा होऊ लागला. मग तो मला काही सांगू लागला: थॉम्पसनचे डोळे डॉगरिजच्या खुंटावर का बांधतात, ओलांडा कसा तयार करतात, ऑक्टोबर छाटणी चुकली तर वर्ष कसे जाते. मी ऐकत असे. तपासणीच्या कामात मी कधीही एखादी गोष्ट दुरुस्त केली नव्हती, हे त्याचे बोलणे ऐकताना एकदा माझ्या ध्यानात आले. आमच्याकडे दुरुस्ती नसे.

चार वर्षांनी, २००९ मध्ये, ती आडवी फांदी शेंडा झाली. काठी काढली. खोडाला मात्र माझ्या छातीच्या उंचीवर एक कुबड राहिले: तेथे जुने खोड संपते, बाजूला वळते आणि पुन्हा वर जाते. पुष्कळांना वाटते की झाड वाढले की असे व्रण वर सरकत जातील. तसे होत नाही. झाड शेंड्याकडून वाढते. खोडावरची खूण जमिनीपासून जेथे पडली तेथेच, तेवढ्याच उंचीवर, कायमची राहते. बटांचा पडदा त्यावर आला आहे, वारा आला की तो सरकतो आणि कुबड दिसते. पाहुणे त्याच्याकडेच बोट दाखवतात. एका चित्रकार गृहस्थांनी तर ते मुद्दाम घडवले काय, असे विचारून कौतुक केले. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

मध्यंतरी एक गोष्ट घडली ती येथे सांगण्यासारखी आहे. आमच्या परिचयाचे एक धर्मगुरू शिक्षणासाठी इटलीत होते. २००७ च्या नाताळात त्यांनी मला एक छायाचित्र पाठवले, मागे लिहिले होते, "तुमच्या झाडाचा मोठा भाऊ." उत्तर इटलीत माज्जोरे सरोवरात 'इझोला माद्रे' नावाचे बेट आहे, बोर्रोमेओ घराण्याच्या मालकीचे. तेथल्या वाड्यासमोर याच जातीचा एक प्रचंड सरू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमालयातून आलेल्या बियांपासून तो वाढला, आणि युरोपातील या जातीचा तो सर्वांत मोठा वृक्ष म्हणून त्याची ख्याती. २००६ च्या जूनमध्ये वावटळीने तो मुळांसकट उलथून पडला. घराण्याने त्याची लाकडे केली नाहीत. क्रेन आणवून वृक्ष पुन्हा उभा केला, चहूबाजूंनी पोलादी दोरखंडांनी ताणून बांधला, फांद्या हलक्या केल्या, मुळांची शुश्रूषा केली. झाड जगले. छायाचित्रात ते दोरखंड तंबूच्या दोऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. ते लपवण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही.

हे घराणे म्हणजे संत चार्ल्स बोर्रोमेओंचे. याच सरोवराकाठच्या आरोना गावी १५३८ साली त्यांचा जन्म झाला. ४ नोव्हेंबरला आपण त्यांचा सण पाळतो. मिलानमध्ये १५७६ साली प्लेग आला, अधिकारी शहर सोडून गेले, आणि हे महागुरू अनवाणी पायांनी, गळ्यात दोर घालून, लोकांसाठी प्रायश्चित्ताच्या मिरवणुकीत चालले. गळ्यातला दोर त्यांनी स्वतः घालून घेतला होता. तो दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे आपण पुष्कळ असतो. ते छायाचित्र मी चौकटीत बसवून ओसरीत लावले आहे. मुलगा ते पुष्कळदा पाहतो. दोरखंड कोठे बांधले आहेत, खोडाला इजा होऊ नये म्हणून मध्ये काय घातले असेल, याविषयी त्याचे स्वतःचे अंदाज आहेत.

त्या अंदाजांचा उपयोग २०२० मध्ये झाला.

तो जून सर्वांच्या लक्षात आहे. मार्चपासून चर्चची दारे बंद होती आणि नोव्हेंबरापर्यंत ती उघडणार नव्हती. रविवारची मिस्सा आम्ही दूरदर्शन संचासमोर बसून ऐकत होतो, परमप्रसादाविना. टाळेबंदीच्या आधी मुलगा, सून आणि नात माझ्याकडे आली होती, ती मी एकटा पडू नये म्हणून येथेच राहिली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागपाशी किनाऱ्याला लागले आणि त्याच रात्री नाशिकवर आले. रात्रभर पाऊस आणि वारा. वीज गेली. पहाटे कंदील घेऊन पाहिले तर ओट्याची माती पाण्याने लोणी झाली होती आणि झाड भिंतीवर कलले होते, पूर्वेकडची मुळे उघडी पडून. सगळ्या बटा एका बाजूला, चिखलात.

मी म्हणालो, "गेलं." मुलगा काही बोलला नाही. तो आत गेला आणि त्या चौकटीकडे क्षणभर पाहून दोर शोधू लागला.

उजाडल्यावर कामाला लागलो. त्याने तीन लोखंडी खुंट्या तीन दिशांना ठोकल्या. खोडाला आधी गोणपाटाचे चार पदर, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद वेढे, आणि मग दोर. एक दोर माझ्या हाती, एक सुनेच्या, तिसरा त्याने स्वतः घेतला. नात आठ वर्षांची, तिच्याकडे मुळांवर ओले पोते धरण्याचे काम. झाड एकदम ओढायचे नाही, मी सांगेन तेवढेच, असे त्याने बजावले. बोट-बोट करत ते उठू लागले. मध्ये विसावा घेतला तेव्हा नात खोडाशी उभी होती. बटा बाजूला पडल्यामुळे कुबड उघडे होते, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर. तिने त्यावर हात ठेवला. सालीतून गंजलेल्या तारेचे टोक बाहेर आले होते.

"आजोबा, झाडाला इथे काय झालं?"

पंधरा वर्षे हा प्रश्न मी पाहुण्यांपासून चुकवला होता. पापनिवेदनात एका फादरांना मी ही सर्व कथा सांगितली होती. त्यांनी मला क्षमा उच्चारली आणि म्हणाले, आता मुलाला सांगा. ते मी केले नव्हते. तो समोर दोर धरून उभा होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"मी तार बांधली होती," मी म्हणालो. "ती सैल करायची असते. केली नाही."

"विसरलात?"

"नाही. रोज दिसत होती. मला राग आला होता."

"झाडाचा?"

"झाडाचा नाही."

ती काही वेळ त्या गंजक्या टोकाकडे पाहत राहिली. मग तिने, मुले करतात तसे, त्यावर थोडा चिखल लावून ते झाकले आणि पुन्हा पोते धरायला बसली. सून खाली पाहत होती. मुलाने मागे वळून पाहिले नाही. त्याने हातातला दोर खुंटीला अर्धा वेढा देऊन अडकवला, खोडापाशी जाऊन गोणपाट सरळ केले, मान वर करून शेंडा पाहिला.

"पप्पा, तुमचा दोर जरा ढिला सोडा," तो म्हणाला. "अजून थोडा."

मी सोडला.